सेवाकार्याचा शोध आणि गावचा शिक्षक

उन्हाळ्याची सुट्टी लागली म्हणजे तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणारे तरुण आपापल्या खेड्यांत परत येतात. त्यांपैकी दोघेचौघे तरी शाळेत डोकावतात आणि "गुरुजी, गावासाठी काही करावेसे वाटते, काम सांगा," असे म्हणतात. हा प्रसंग बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचा आहे. त्या वेळी दिले जाणारे उत्तरही परिचयाचेच आहे. शाळेचे आवार झाडावे, भिंतींवर सुविचार लिहावेत, प्रभातफेरी काढावी, फार तर दहा रोपे लावावीत. तरुण ते सर्व आनंदाने करतात, छायाचित्र निघते आणि आठ दिवसांनी तेच तरुण पुन्हा पारावर बसलेले दिसतात. रोपे वैशाखात लावलेली असल्यामुळे मृगापूर्वीच वाळून जातात. मग गाव म्हणते, हल्लीच्या मुलांत चिकाटी नाही. वस्तुतः चिकाटीची कसोटी लागावी असे काम त्यांच्या हाती कोणी दिलेलेच नसते.

सेवेची इच्छा आणि सेवेचे काम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इच्छा तरुणांजवळ असते. काम मात्र शोधावे लागते, आणि खेड्यात ते शोधून देण्यास शिक्षकाइतकी सोयीची जागा दुसऱ्या कोणाची नाही. तलाठ्याला गावची जमीन ठाऊक असते, आशाताईंना घरोघरचे आजार ठाऊक असतात, अंगणवाडीच्या ताईंना सहा वर्षांखालील मुले ठाऊक असतात. शिक्षकाच्या दृष्टीस मात्र मुलांच्या द्वारे संपूर्ण घर पडते, कोणत्या घरी दिवा लागतो, कोणत्या घरी वडील नाहीत, कोणत्या घरची मुलगी धाकट्या भावंडासाठी शाळा बुडवते, हे त्याला न विचारता कळत असते.

संत गाडगेबाबांचे (१८७६ ते १९५६) उदाहरण येथे सहज आठवते. बाबा गावात शिरले की हातातील खराट्याने रस्ता झाडू लागत आणि रात्री त्याच गावात कीर्तन करीत. काम कोणते, असे त्यांनी कोणास विचारले नाही. घाण जेथे दिसली तेथून आरंभ केला. त्यांच्या नावाने महाराष्ट्रात २००० सालापासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि गावांना बक्षिसे मिळू लागली. बक्षिसे चांगलीच आहेत, परंतु तपासणी समिती येण्याच्या आदल्या दिवशी झाडलेला रस्ता आणि बाबांनी झाडलेला रस्ता यांतील अंतर शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

मराठी मुलखातील शिक्षकांना स्वयंसेवेचा एक मोठा वारसा आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. प्राथमिक शिक्षक आणि गावातील सुशिक्षित माणसे दिवसभराचे काम आटोपल्यावर कंदिलाच्या उजेडात प्रौढांना अक्षरओळख करून देत. गाव साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ होई आणि साक्षर राहण्याची शपथ घेतली जाई. अंगठ्याच्या जागी सही करणाऱ्या शेतकऱ्याचा तो आनंद खरा होता. तथापि काही वर्षांनी असे आढळून आले की, शिकलेल्यांपैकी अनेकजण वाचणे विसरून गेले आहेत. त्यांच्या हाती पुढे वाचावयास काही पडले नाही, वाचण्याचे कारणही पडले नाही. शिकविणाऱ्यांच्या त्यागात काडीचीही उणीव नव्हती. उणीव होती ती समारंभाच्या दुसऱ्या दिवसापासून करावयाच्या कामाची.

हीच गोष्ट आजच्या साक्षरता कार्यक्रमालाही लागू पडते. २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेल्या 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमाची उभारणी मुळातच स्वयंसेवकांवर केलेली आहे. १५ वर्षांवरील निरक्षरांना शिकविणाऱ्यास त्यात मानधन नाही. वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची १५० गुणांची चाचणी होते आणि उत्तीर्ण झालेल्यास प्रमाणपत्र मिळते. येथे शिक्षकाने तरुणापुढे दोन कामे ठेवावीत. पहिले चाचणीपूर्वीचे, ते सर्वांना दिसते. दुसरे चाचणीनंतरचे, ते सहसा कोणी सांगत नाही. बचत गटाची महिन्याची बैठक भरते तेव्हा कॉलेजात शिकणारी एखादी मुलगी तेथे जाऊन बसली आणि नव्याने अक्षरे शिकलेल्या बाईंकडूनच गटाची वही लिहवून घेऊ लागली, तर त्या बाईंची अक्षरे टिकतात. एस.टी.ची पाटी, रेशनची पावती, बँकेचे पासबुक, औषधाच्या चिठ्ठीवरील तारीख हीच त्यांची पुढची क्रमिक पुस्तके होत. महिन्यातून दोन संध्याकाळी एवढेच हे काम आहे, परंतु ते वर्षभर चालले पाहिजे.

स्वयंसेवेच्या इतिहासाची दुसरी बाजूही शिक्षकाने जाणून घेणे आवश्यक आहे, कारण तीत फसण्याचा धोका अधिक आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात समूहविकास योजनेचा प्रारंभ झाला आणि 'श्रमदान' हा शब्द खेडोपाडी पोहोचला. समाजशास्त्रज्ञ श्यामाचरण दुबे यांनी उत्तर प्रदेशातील अशा एका योजनेचा अभ्यास करून १९५८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. श्रमदानाने तयार झालेल्या रस्त्यांचा लाभ मुख्यतः ज्यांच्याजवळ गाड्या व विक्रीस नेण्याजोगा माल होता अशा सधनांना झाला, देखरेखीचा मानही त्यांनाच मिळाला, आणि माती वाहण्याचे काम प्रामुख्याने गरिबांच्या वाट्यास आले, असे त्यांना दिसून आले. ज्याचा दिवस मजुरीवर चालतो त्याने एक दिवस दान करणे म्हणजे एका दिवसाची भाकर दान करणे होय. ज्याची शेती रस्त्याकडेला आहे त्याने दोन तास घमेले उचलणे हे तुलनेने स्वस्त पुण्य आहे.

या निरीक्षणाला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी प्रश्न जुना झालेला नाही. गावात कोणतेही सेवाकार्य सुचविले गेले की शिक्षकाने मनाशी तीन गोष्टी विचाराव्यात. श्रम कोणाचे पडणार? लाभ कोणाला होणार? आणि हे काम मोल देऊन करून घेणे हे कोणाचे कर्तव्य आहे काय? गटारे उपसण्यासाठी ग्रामपंचायतीने माणूस नेमावयाचा असताना ते काम दर आठवड्यास तरुणांकडून 'सेवा' म्हणून करून घेतले, तर एका गरीब माणसाचा रोजगार बुडतो. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला तो श्रमाला दाम मिळावा याच तत्त्वावर, हे विसरता कामा नये. तसेच सार्वजनिक विहिरीभोवतीची जागा स्वच्छ झाली, पण दलित वस्तीतील वा पारध्यांच्या पालांजवळील पाण्याची जागा चिखलातच राहिली, तर ते काम गावाचे झाले असे म्हणता येत नाही. सुचविणारा पुष्कळदा निर्मळ मनाचा असतो. त्याची नजर मात्र आपल्या आळीच्या टोकाशी थांबलेली असते.

मग काम शोधावयाचे कोठे? पहिले साधन शाळेतच आहे. हजेरीपट महिनाअखेर बेरीज करून कपाटात ठेवला जातो. तो एकदा सावकाश वाचावा. बाजाराच्या वारी कोण गैरहजर राहतो, पावसाळ्यात ओढ्यापलीकडील वस्तीची मुले किती दिवस येत नाहीत, दसऱ्यानंतर कोणती नावे एकदम लाल शाईत जातात, हे त्यातून दिसते. बीड, अहिल्यानगर व शेजारच्या जिल्ह्यांतील शिक्षकांना या शेवटच्या प्रकाराचे दुःख पुरते ठाऊक आहे. ऊसतोडीसाठी आईबाप पाचसहा महिने दूरच्या कारखान्यांच्या हद्दीत जातात. मुले बरोबर गेली तर शाळा सुटते. मागे राहिली तर आजीजवळ राहतात आणि संध्याकाळनंतर त्यांच्याकडे पाहणारे कोणी नसते. हंगामी वसतिगृहाची सोय जेथे आहे तेथे प्रश्न काहीसा हलका होतो. जेथे नाही तेथे गावातील दोन तरुणांनी रोज सायंकाळी साडेसहा ते आठ या वेळात त्या मुलांना मंदिराच्या ओवरीत वा शाळेच्या व्हरांड्यात एकत्र बसविणे, अभ्यास पाहणे आणि नंतर प्रत्येकास घरी पोहोचविणे हे काम किती मोलाचे ठरेल! एखाद्या मुलाचे शाळेत राहणे अथवा कायमचे सुटणे कित्येकदा या दीड तासावर अवलंबून असते.

वाचनात मागे पडलेल्या मुलांचे कामही असेच आहे. तरुणाने त्यांना शिकवावयास बसावे म्हटले की तो बहुधा इयत्तेचे पुस्तक उघडतो आणि चौथीच्या मुलास चौथीचा धडा घालतो. मूल जोडाक्षरावरच अडलेले असल्याने दोघेही कंटाळतात. घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासणारी 'असर' ही पाहणी २००५ सालापासून मुख्यतः स्थानिक तरुण स्वयंसेवकांच्या बळावर चालत आली आहे. तिचे साधन अगदी साधे आहे, अक्षरे, सोपे शब्द, एक छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. शिक्षकाने असाच एक कागद तयार करून द्यावा. प्रत्येक मूल कोठे थांबते हे तरुणास एका सायंकाळी कळेल. मग इयत्तेप्रमाणे न बसविता थांबलेल्या पायरीप्रमाणे पाच-सहा मुलांचे गट करावेत. महिन्याने तोच कागद पुन्हा वाचावयास द्यावा. शब्दांवर अडणारी मुलगी गोष्ट वाचू लागली, हे प्रत्यक्ष पाहिलेला तरुण सहसा काम सोडत नाही.

दुसरे साधन म्हणजे पायी फेरी. शिक्षकाने तरुणांसह एका रविवारी सकाळी गावातून फिरावे, मात्र फेरीचा आरंभ चावडीपासून न करता गावाच्या शेवटच्या घरापासून करावा. या फेरीत जी कामे दिसतात ती बहुधा लहान व अप्रसिद्ध असतात. उदाहरणार्थ, श्रावणबाळ व संजय गांधी निराधार या योजनांचे अनुदान घेणाऱ्या वृद्ध व विधवा स्त्रिया. हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. बँकखाते आधार क्रमांकाशी जोडलेले नसले तर पैसे अडकतात. जन्मभर खुरपे व जाते हाताळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असल्यामुळे यंत्र ठसाच घेत नाही. आजीबाई दोन वेळा तालुक्यास जाऊन भाड्याचे पैसे घालवून परत येतात आणि तिसऱ्यांदा जातच नाहीत. कागदपत्रांची भाषा जाणणारा तरुण एक दिवस त्यांच्याबरोबर गेला, तर महिनोन्‌महिने थकलेले अनुदान सुरू होऊ शकते. येथे एक पथ्य कडक पाळावे. तरुणाने कोणाचेही पासबुक, आधारपत्र वा भ्रमणध्वनीवर येणारा गुप्त क्रमांक आपल्याजवळ ठेवू नये, व्यवहार करताना घरातील एक माणूस बरोबर असावा. सेवेच्या नावाखाली एकदा फसवणूक झाली तर पुढील दहा प्रामाणिक मुलांना त्या दारात उभे केले जात नाही.

काम सापडल्यावर माणूस जुळविणे हा पुढचा भाग. सर्वांना सर्व कामे देऊ नयेत. लाजाळू मुलगा घोषणा देऊ शकत नाही, पण ग्रंथालयाची मोडकी पुस्तके बांधून त्यांची यादी उत्तम करील. खेळणारा मुलगा मैदान आखील आणि मुलींचा खोखोचा संघ उभा करील. मुलींना सायंकाळचे काम देताना त्यांच्या परतीची सोय आधी पाहावी, घरच्यांशी शिक्षिकांनी स्वतः बोलावे. ज्या तरुणाला आठवड्यात एकच तास आहे त्याला एका तासाचेच काम द्यावे. उत्साहाच्या भरात रोजचे काम पत्करणाऱ्यास शिक्षकाने थोडे मागे खेचावे, हेच हिताचे ठरते.

श्रमाचे मोठे काम हाती घ्यावयाचे झाल्यास आधी शिकणे आणि नंतर मोजणे आवश्यक आहे. २०१६ साली वरूड, अंबाजोगाई व कोरेगाव या तीन तालुक्यांत पाणी फाउंडेशनने 'वॉटर कप' स्पर्धा घेतली. २०१८ पर्यंत ती ७५ तालुक्यांत पोहोचली. तेथे कुदळ हाती घेण्यापूर्वी प्रत्येक गावातील निवडक माणसे प्रशिक्षणास जात. समतल चर कसा आखावा, उतार कसा मोजावा, काम माथ्याकडून पायथ्याकडे का न्यावे, हे ती शिकून येत आणि गावास शिकवीत. ४५ दिवसांत किती माती निघाली याचे माप ठेवले जाई. स्पर्धेच्या गुणदोषांविषयी मतभेद असतील, तथापि आखणीवाचून खोदलेला चर पहिल्याच पावसात फुटतो, याबद्दल मतभेद होण्याचे कारण नाही.

गावात तरुणच उरले नाहीत, सर्व पुण्या-मुंबईस गेले, अशी तक्रारही ऐकू येते व ती पुष्कळ ठिकाणी खरी आहे. अशा वेळी बाहेरून माणसे आणावी लागतात आणि त्यासाठी शिक्षकास वाटा ठाऊक असाव्यात. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या स्वयंसेवकास दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची असते, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर असते. जवळच्या महाविद्यालयातील कार्यक्रम अधिकारी गावाच्या शोधातच असतात. ते स्वतः येण्याची वाट न पाहता मुख्याध्यापकांनी व सरपंचांनी दिवाळीपूर्वीच त्यांना पत्र लिहावे आणि पत्रात कामाचे नाव, जागा, लागणारी हत्यारे व सात दिवसांत पुरे होईल एवढाच भाग स्पष्ट लिहावा. 'ग्रामविकासासाठी शिबिर घ्यावे' असे मोघम पत्र गेले तर शिबिरही मोघमच होते.

केंद्र सरकारच्या 'विद्यांजली' या उपक्रमाला ७ सप्टेंबर २०२१ रोजी नवे रूप देण्यात आले. त्यात शाळेने यू-डायस क्रमांकाच्या आधारे संकेतस्थळावर नाव नोंदवून आपली गरज मांडावयाची असते, आणि निवृत्त शिक्षक, अभियंते, गृहिणी, परगावी नोकरीस असलेले माजी विद्यार्थी यांनी ती पाहून पुढे यावयाचे असते. या नोंदीतही तोच नियम आहे. 'विज्ञान शिकविण्यास मदत हवी' यापेक्षा 'सातवीच्या २१ मुलांस शनिवारी दोन तास विजेच्या मंडलाचे प्रयोग करून दाखविणारी व्यक्ती हवी' ही नोंद लवकर माणूस मिळविते. बाबा आमटे यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेल्या श्रमसंस्कार छावणीने महाराष्ट्रातील कित्येक तरुणांना सामाजिक कार्याची पहिली ओळख करून दिली. गावातील एखादा होतकरू मुलगा वा मुलगी अशा ठिकाणी पाठविणे हीदेखील शिक्षकाने करून दिलेली एक संधीच होय.

मर्यादा थोडक्यात सांगता येतात, पण त्या मोडू नयेत. अठरा वर्षांखालील मुलांना विहीर, खोल चर, विजेची तार वा वाहता रस्ता यांजवळचे काम देऊ नये. पालकांची संमती लेखी घ्यावी. लहान मुलांबरोबर काम करणारा स्वयंसेवक त्यांच्यासमवेत बंद खोलीत एकटा असू नये, जागा उघडी व येणाऱ्याजाणाऱ्यास दिसणारी असावी. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा शाळेत शिकविण्यास आलेल्या स्वयंसेवकासही लागू आहे, हे त्याला पहिल्या दिवशीच सांगावे. सज्जन माणूस त्याने दुखावत नाही. बाहेरील व्यक्तीचे नाव शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवून मगच तिला वर्गात न्यावे. या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, त्यामुळे गावाची परवानगी आपोआप मिळते. निवडणुकीच्या हंगामात कोणत्याही पक्षाच्या वा मंडळाच्या झेंड्याखाली येणारी मदत शाळेने सध्या नको म्हणून सांगावी.

राहिली कामाची वही. साधी दोनशे पानी वही पुरे. प्रत्येक कामासाठी चार पाने, काम काय, कोणाकडे, कोणत्या वारी किती वेळ, आणि आज काय झाले याची एक ओळ. ती ओळ तरुणाने स्वतः लिहावी, शिक्षकाने पंधरा दिवसांनी वाचावी. प्रमाणपत्राची मागणी होते, ती अनुचित नाही. नोकरीच्या मुलाखतीस जाणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकांनी वहीवरून मोजून, अमुक तास अमुक मुलांना वाचन शिकविले, असे लिहून दिलेले पत्र छापील सन्मानपत्रापेक्षा उपयोगी पडते. आणि तरुण हे जाणारच. पोलीसभरती, नर्सिंग, लग्न, बदली, कारखाना, काही ना काही निघते व मे महिन्यात हौसेने आलेला मुलगा ऑक्टोबरात निरोप घेण्यास येतो. त्याला अडवू नये. जाण्यापूर्वी त्याने एक संध्याकाळ नव्या स्वयंसेवकाला आपल्या शेजारी बसवावे, सहाही मुलांची नावे सांगावीत, कोण कोणत्या पायरीवर आहे, कोणाला चष्मा लागला आहे, कोणाची आजी आठपर्यंत दार उघडे ठेवते, हे वहीत लिहून द्यावे आणि खाली दोघांनी सही करावी.